एका नुक्त्याचा इतिहास

अब्बा कातिब होते. गावातून निघणाऱ्या एका उर्दू साप्ताहिकाची चारही पानं ते हाताने लिहीत. बोरूची कलम, घट्ट काळी शाई, पिवळा कागद आणि गुडघ्यावर टेकवलेली फळी. नव्वदच्या दशकात इनपेज आलं आणि दोन-तीन वर्षांत कातिबांची गरज संपली. त्यानंतर त्यांनी एका दुकानात हिशेब लिहिले, लग्नपत्रिका लिहिल्या, कबरींवरचे कुतबे लिहिले.

लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसायचो तेव्हा एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. हर्फ थोडा वाकडा आला तर वाचणारा सावरून घेतो. नुक्ता चुकला तर मजकूरच उलटा होतो. खुदा आणि जुदा या शब्दांची आकृती एकच. नुक्ता वर दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. महरम आणि मुजरिम यांच्यातलं अंतरही तेवढंच, एका नुक्त्याचं. नस्तालीकमध्ये तर अक्षराची उंची आणि रुंदीसुद्धा नुक्त्यांनी मोजतात. म्हणजे नुक्ता हे मापही आहे आणि अर्थही.

हे सगळं आठवायचं कारण वेगळं आहे. तीन वर्षांपूर्वी अब्बांच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना, त्यामुळे ती चिघळली. पहिल्या दवाखान्यात क्लिंडामायसिन सुरू झालं. सहा दिवस गेले, पू कमी होईना. मग दुसऱ्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्यात जंतूचं नाव होतं, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि त्याखाली एक ओळ: डी-टेस्ट पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी औषध बदललं. अब्बा वाचले, पण तोवर पायाच्या एका बोटाची आशा संपली होती. ते काढावं लागलं.

डी-टेस्ट म्हणजे काय, हे मला कुणी सांगेना. मी तो रिपोर्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला पाठवला. पाचवी ते दहावी आमच्या उर्दू शाळेत तिला मी मराठी शिकवलं. आता ती पीएचडी करते. तिच्या प्रबंधाचं नाव इंग्रजीत लांबलचक आहे; मराठीत सांगायचं तर ‘आरएनएमध्ये फेरफार करणाऱ्या विकरांची रचना आणि कार्य’. विकर म्हणजे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातला शब्द. अर्ध्या तासात तिचा फोन आला. म्हणाली, ‘सर, अब्बांच्या रिपोर्टवर जे लिहिलंय ना, तोच माझा विषय आहे.’

त्या दिवशी तिने मला तासभर समजावलं. पुढे मी वाचत गेलो. मी विज्ञानाचा माणूस नाही, बीए आणि बीएड केलेला भाषेचा मास्तर आहे. पण हा इतिहास मला भाषेचाच वाटला, म्हणून इथे लिहितो.

आधी दोन शब्द लिपीबद्दल. सुरुवातीच्या अरबी लिखाणात नुक्ते फारसे नसत. वाचणाऱ्याला मजकूर तोंडपाठ असे, त्यामुळे काम भागायचं. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, अरबी मातृभाषा नसलेले लोक वाचू लागले, तेव्हा घोळ होऊ लागले. स्वरांच्या खुणा देण्याची सुरुवात परंपरेने बसऱ्याच्या अबुल अस्वद अद-दुअली यांच्या नावावर सांगितली जाते. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना वेगळं करणारे नुक्ते त्यांच्या पुढच्या पिढीने रुजवले. अक्षरं तीच राहिली, त्यांच्यावर नंतर खुणा आल्या.

पेशीतही असंच चालतं. डीएनएवरून आरएनए उतरवला जातो, चार अक्षरांच्या लिपीत. पण उतरवून झाल्यावर काम संपत नाही. नंतर काही विकरं येतात आणि ठरावीक जागी ठरावीक अक्षरावर एखादी खूण करतात. कुठे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा छोटासा गट चिकटवतात, त्याला मेथिल गट म्हणतात. कुठे अक्षरच फिरवून बसवतात. अशा खुणांचे दीडशेहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. म्हणजे ही विकरं पेशीतले कातिब. मूळ मजकूर ते लिहीत नाहीत, नुक्ते देतात.

या खुणांपैकी पहिली १९५१ मध्ये हाती लागली. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत वाल्डो कोन आणि इलियट वोल्किन यांना आरएनएच्या चार अक्षरांत न बसणारं काहीतरी दिसलं. पुढे त्याला पाचवं अक्षर म्हटलं गेलं. आज ते स्यूडोयुरिडिन या नावाने ओळखलं जातं. १९६५ मध्ये रॉबर्ट हॉली यांनी यीस्टमधल्या एका छोट्या आरएनएची ७७ अक्षरं पहिल्यांदा क्रमाने वाचली, तेव्हा त्यात अशी नुक्तेवाली अक्षरं जागोजागी सापडली. हॉलींना १९६८ चं नोबेल मिळालं, मार्शल निरेनबर्ग आणि हरगोविंद खुराना यांच्यासोबत. खुराना अखंड पंजाबातल्या मुलतानकडच्या रायपूर नावाच्या खेड्यातले. जेमतेम शंभर वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारं त्यांचंच एक कुटुंब होतं. १९६० ते १९७० ही दहा वर्षं ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन या गावी होते. या गावाचं नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचं आहे.

स्यूडोयुरिडिनची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की अशा खुणा असलेला आरएनए शरीरात टोचला तर शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. त्यातून कोविडच्या लशी आल्या, २०२३ चं नोबेल आलं. ती गोष्ट उजेडातली. मला सांगायची आहे ती दुसऱ्या नुक्त्याची, ज्याने अब्बांचं बोट नेलं.

ती फिलिपाइन्समधल्या इलोइलो या प्रांतात सुरू होते. अबेलार्दो अगिलार हे तिथले डॉक्टर. एली लिली या अमेरिकन औषध कंपनीसाठी ते काम करत. तो काळ माती गोळा करण्याचा होता. १९४३ मध्ये मातीतल्या जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन सापडलं होतं, टीबीवरचं पहिलं खरं औषध. त्यामुळे औषध कंपन्या जगभरातून मातीचे नमुने मागवत. अगिलार यांनी १९४९ मध्ये आपल्या भागातली माती अमेरिकेला पाठवली. तिथे जे. एम. मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातल्या एका जीवाणूपासून औषध वेगळं केलं आणि १९५२ मध्ये ते बाजारात आलं. नाव एरिथ्रोमायसिन. कंपनीने व्यापारी नाव ठेवलं इलोटायसिन, इलोइलोवरून. गावाचं नाव डबीवर गेलं. अगिलार यांनी पुढे कित्येक वर्षं मोबदला मागितला; तो त्यांना मिळाला नाही, असं त्यांच्या देशातली वृत्तपत्रं लिहीत आली आहेत. १९९३ मध्ये ते वारले.

एरिथ्रोमायसिन मोठं औषध ठरलं. पेनिसिलिनची ज्यांना अ‍ॅलर्जी, त्यांना पर्याय मिळाला. पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. तयार होणारं प्रथिन त्याच्यातून एका बोगद्यासारख्या वाटेने बाहेर पडतं. एरिथ्रोमायसिन जंतूच्या रायबोसोममध्ये जाऊन त्या बोगद्याच्या तोंडाशी अडकून बसतं. माणसाच्या पेशीतला रायबोसोम थोडा वेगळा असल्याने आपल्याला धोका होत नाही.

पण बाजारात आल्यापासून वर्षा-दोन वर्षांतच रुग्णालयांमधले काही स्टॅफिलोकॉकस जंतू त्याला दाद देईनासे झाले. तसं ते पेनिसिलिनबाबतही घडलं होतं. पण पेनिसिलिनचं कोडं सोपं होतं: जंतू एक विकर बनवतो आणि ते औषधच तोडून टाकतं. इथे औषध तुटत नव्हतं, जसंच्या तसं सापडत होतं. १९५६-५७ च्या सुमारास फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या आणखी एक विचित्र गोष्ट लक्षात आली. काही जंतू एरवी अगदी साधे. दुसरं औषध दिलं तर मरतात. पण जवळ एरिथ्रोमायसिन असेल तर तेच जंतू त्या दुसऱ्या औषधालाही जुमानत नाहीत. आणि पुढे अशा दुसऱ्या औषधांत एरिथ्रोमायसिनच्या घराण्याबाहेरचीही निघाली. लिंकोमायसिनची रचना पूर्ण वेगळी, स्ट्रेप्टोग्रामिनची आणखी वेगळी. एकाच कुलपाने तीन वेगवेगळ्या चाव्या अडवाव्यात, असा प्रकार.

उत्तर मिळालं मॅडिसनमध्ये. बर्नार्ड वाइसब्लम हे तिथे काम करत होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी सी. जे. लाय यांनी स्टॅफिलोकॉकस जंतू दोन प्रकारे वाढवले, एकदा औषधाविना आणि एकदा थोड्याशा एरिथ्रोमायसिनच्या सोबतीने. मग दोन्हींच्या रायबोसोममधला आरएनए तपासला. औषधाची चाहूल लागलेल्या जंतूच्या आरएनएमध्ये एक खूण जास्त होती. एका अ‍ॅडेनिनवर दोन मेथिल गट. १९७१ मध्ये हे छापून आलं. म्हणजे जंतूने औषधाला हात लावला नव्हता. औषध ज्या पानावर येऊन बसतं, त्या पानावर त्याने नुक्ता दिला होता. ती तिन्ही औषधं एकाच जागेच्या आसपास बसतात, म्हणून एका नुक्त्याने तिन्ही बाद. पुढे ती जागाही ठरली. ई. कोलाय या जंतूच्या मापाने मोजलं तर रायबोसोमच्या मोठ्या आरएनएची २९०४ अक्षरं आणि त्यातलं २०५८वं. हा नुक्ता देणाऱ्या विकराला पुढे एर्म हे नाव पडलं.

याच वर्षी, याच विद्यापीठातून आणखी एक निबंध निघाला. हेल्सर, डेव्हिस आणि डालबर्ग यांचा. त्यांचा विषय कासुगामायसिन हे जपानी औषध. १९६५ मध्ये हामाओ उमेझावा यांच्या गटाने ते नारा शहरातल्या कासुगा मंदिराच्या आवारातल्या मातीतून शोधलं होतं. ते भातावरच्या करपा रोगासाठी वापरतात, आपल्याकडच्या कृषी केंद्रांतही मिळतं. हेल्सर आणि मंडळींनी पाहिलं की या औषधाला पुरून उरणाऱ्या जंतूच्या आरएनएवर खूण जास्त नाही, उलट नेहमीची खूण गायब आहे. नुक्ता देणारा कातिबच त्या जंतूने घालवला होता. त्या विकराचं नाव केएसजीए.

एका औषधातून सुटायला नुक्ता लावायचा, दुसऱ्यातून सुटायला पुसायचा. खुदा आणि जुदा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून अब्बांना हाक मारली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘लेकिन उसको कैसे मालूम, नुक्ता कब लगाना है?’

हा प्रश्न वाइसब्लम यांनाही पडला होता. १९८० मध्ये त्यांच्या आणि न्यूयॉर्कच्या डेव्हिड डबनाव यांच्या गटांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं. एर्म बनवण्याचा आदेश जंतूजवळ आधीपासून लिहिलेला असतो, पण घडी घातलेल्या चिठ्ठीसारखा. त्या चिठ्ठीच्या सुरुवातीला एक अगदी छोटा मजकूर असतो, १९ अमिनो आम्लांचा. एरवी रायबोसोम तो सरळ वाचून जातो आणि घडी तशीच राहते. पण थोडंसं एरिथ्रोमायसिन आलं की ते ज्या रायबोसोममध्ये बसलंय तो रायबोसोम हा छोटा मजकूर वाचता वाचता नवव्या जागी अडकतो. तो अडकला की घडी उलगडते. घडी उलगडली की एर्म तयार होतं, नव्याने बनणाऱ्या रायबोसोमांवर नुक्ते देऊ लागतं आणि काही वेळात सगळा कारखाना औषधाला अभेद्य होतो. थोडक्यात, कातिबाला झोपेतून उठवतं ते औषधच.

मग तो कायम जागा का नसतो? २०१३ मध्ये शिकागोच्या अलेक्झांडर मॅन्किन यांच्या गटाने दाखवलं की नुक्ता दिलेला रायबोसोम काही प्रथिनं नीट बनवत नाही. संरक्षणाची किंमत मोजावी लागते. म्हणून गरज पडेल तेव्हाच. मात्र काही जंतूंत तो उलगडणारा भागच बिघडतो आणि कातिब चोवीस तास कामावर राहतो. क्लिंडामायसिन स्वतः या कातिबाला उठवत नाही. पण त्याच्या माऱ्यात असे कायम जागे असलेले जंतू निवडून निघतात आणि तेच वाढतात. अब्बांच्या जखमेत तसंच काही घडलं असावं.

आता डी-टेस्ट समजते. प्रयोगशाळेत जंतूंचा थर पसरलेल्या बशीवर औषध भिजवलेल्या कागदाच्या दोन टिकल्या ठेवतात, एक एरिथ्रोमायसिनची आणि तिच्यापासून साधारण दीड-दोन सेंटीमीटरवर दुसरी क्लिंडामायसिनची. दुसऱ्या दिवशी बघतात. क्लिंडामायसिनभोवती जंतू मरून स्वच्छ गोल दिसायला हवा. पण एर्मवाला जंतू असेल तर एरिथ्रोमायसिनच्या बाजूला तो गोल दाबल्यासारखा सपाट होतो, कारण तिथल्या जंतूंना एरिथ्रोमायसिनची चाहूल लागलेली असते. गोलाचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा होतो. एवढीच चाचणी. फार खर्च नाही, मोठं यंत्र नाही. औषध सुरू करण्याआधी ती झाली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पण पहिल्या डॉक्टरांना तरी काय दोष देणार. आपल्याकडे पू तपासायला पाठवा म्हटलं की नातेवाईकच विचारतात, ‘डॉक्टरसाब, त्याची काय गरज, भारीतली गोळी लिहून द्या.’ मीही तेच म्हणालो होतो.

हा कातिब जंतूंकडे आला कुठून? इथे गोष्ट परत इलोइलोच्या मातीकडे जाते. जो जीवाणू एरिथ्रोमायसिन बनवतो, तो स्वतः त्याने का मरत नाही? त्याचेही रायबोसोम तसेच आहेत. १९७९ मध्ये वाइसब्लम यांच्या प्रयोगशाळेतून निबंध आला की अशी औषधं बनवणाऱ्या मातीतल्या जीवाणूंच्या आरएनएवर तीच खूण असते. पुढे एरिथ्रोमायसिन बनवणाऱ्या जीवाणूतलं एर्मही सापडलं. औषध बनवणाऱ्याने आधी स्वतःपुरता उतारा करून ठेवला होता. अगिलार यांच्या मातीच्या त्या पुडीत औषध होतं आणि औषध निकामी करणारं विकरही होतं. डेव्हिस यांनी १९७३ मध्ये दुसऱ्या एका औषधघराण्याबद्दल अशीच शंका मांडली होती: रुग्णालयातल्या जंतूंची हत्यारं मातीतल्या, औषध बनवणाऱ्या जीवाणूंकडच्या हत्यारांशी जुळतात. जीवाणू एकमेकांना जनुकांचे तुकडे देतात. आपण जितकं औषध ओततो, तितकी त्या तुकड्यांची किंमत वाढते.

एर्म आणि केएसजीए दिसायला भाऊ-भाऊ आहेत. केएसजीएसारखा कातिब जवळजवळ प्रत्येक सजीवात आहे, आपल्यातही आहे. रायबोसोम नीट जुळून येण्यासाठी तो दोन शेजारच्या अ‍ॅडेनिनवर खुणा करतो. फार जुनं आणि सभ्य काम. एर्म त्याच घराण्यातला, पण धंदा वेगळा.

हे दिसतं कसं, तर क्ष-किरणांनी आणि तत्सम पद्धतींनी. विकराचे कण शुद्ध करून त्यांचे स्फटिक बनवायचे, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि पसरलेल्या ठिपक्यांवरून आकार काढायचा. पुन्हा नुक्तेच! १९९७-९८ मध्ये एर्म घराण्यातल्या दोन विकरांची रचना समोर आली. पण पान दिसल्याशिवाय कातिबाचं काम कळत नाही, आणि पान म्हणजे रायबोसोम. त्याची नकाशासारखी रचना २००० मध्ये हाती आली. २००१ मध्ये आदा योनाथ यांच्या गटाने रायबोसोममध्ये बसलेलं एरिथ्रोमायसिन दाखवलं, त्याच २०५८व्या अक्षराला टेकलेलं. रायबोसोमच्या कामासाठी २००९ चं नोबेल योनाथ, टॉमस स्टाइट्झ आणि व्यंकटरामन रामकृष्णन यांना मिळालं. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा, शिक्षण बडोद्याचं, महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं.

बरीच वर्षं समज अशी होती की दोन मेथिल गट वाटेत येतात म्हणून औषधाला जागा उरत नाही. २०२१ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी नुक्ता दिलेल्या रायबोसोमची रचना पाहिली. वेगळंच निघालं. औषध आणि ते अक्षर यांच्यामध्ये पाण्याचा एक रेणू असतो, तो दोघांना बांधून ठेवतो. नुक्ता आला की तो पाण्याचा रेणू तिथे थांबू शकत नाही. पाण्याचा एक रेणू! सत्तर वर्षांच्या औषधाचं, त्याच्यावर जगलेल्या माणसांचं आणि न जगलेल्यांचंही गणित एका थेंबाच्या कोट्यवधीव्या हिश्श्यावर अडलेलं.

माझी विद्यार्थिनी या घराण्यातल्याच एका विकरावर काम करते. ते विकर पान पकडतं कसं, हजारो अक्षरांतून नेमकं एक कसं ओळखतं, हा तिचा प्रश्न. पवईच्या आयआयटीमध्ये एर्म आणि केएसजीए या दोन्हींवर काम झालं आहे. तिथल्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की एर्म आरएनएला धरतं तेव्हा खूण करण्याच्या जागेपासून दूर असलेले त्याचे भागही महत्त्वाचे असतात. तिथे अडथळा आणता आला तर कातिबाचा हात थांबेल, ही आशा. म्हणजे औषध नवं शोधायचं नाही, जुन्या औषधाला परत कामाचं करायचं. अजून असं औषध दवाखान्यात आलेलं नाही. पहिल्या दोन वर्षांत तिचे स्फटिकच बनले नाहीत. घरी फोनवर आई विचारायची, ‘बेटा, कधी संपणार?’ आणि ती सांगायची, ‘अम्मी, स्फटिक येत नाहीत.’ मोहल्ल्यात कुणाला समजावणार की मुलगी तिशीकडे चालली आणि मिठाच्या खड्यांची वाट बघत बसली आहे. तिच्या अब्बांनी मात्र एकदाही विचारलं नाही. त्यांचा यंत्रमागाचा धंदा आहे, धागा तुटला की पुन्हा जोडायचा एवढं त्यांना माहीत.

दुसरी वाट म्हणजे औषधच बदलणं. आपल्या महाराष्ट्रातल्या वोक्हार्ट कंपनीने एरिथ्रोमायसिनपासून बनवलेलं नॅफिथ्रोमायसिन २०२४ मध्ये न्यूमोनियासाठी पुढे आणलं. त्याच्या पिढीतली औषधं रायबोसोमला आणखी एका जागी धरतात आणि झोपलेल्या कातिबाला सहसा उठवत नाहीत. चांगली गोष्ट आहे. पण ज्या स्टॅफिलोकॉकसमध्ये कातिब कायम जागा आहे, तिथे या पिढीचंही फारसं चालत नाही.

आणि आपलं काय चाललंय? एरिथ्रोमायसिनपासूनच बनलेलं अझिथ्रोमायसिन १९८० मध्ये झाग्रेबमधल्या संशोधकांनी तयार केलं. आपल्या देशात २०१९ मधल्या खासगी विक्रीचे आकडे तपासले गेले, तेव्हा प्रतिजैविकांमध्ये सर्वांत जास्त खपणारी गोळी हीच होती, पाचशेची. कोविडमध्ये तर घराघरात तिचा डबा होता. आमच्याही होता. घसा खवखवला की एक, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. अब्बांनाही मीच दिल्यात, डॉक्टरांना न विचारता, दोन-तीनदा तरी. गोळीच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा त्याचा अर्थ, सरकारने २०१६ मध्ये ती मोहीम चालवली. मी मुलांना अनुस्वार आणि नुक्ता यांसाठी गुण कापणारा मास्तर, पण ती रेघ मी कधी वाचली नव्हती. त्या दोन-तीन गोळ्यांनीच अब्बांच्या जखमेतला जंतू तयार झाला असं कुणी म्हणणार नाही, ते सिद्ध करता येणारही नाही. माझं मन मात्र हिशेब मांडत राहतं.

गेल्या रमजान ईदला ती गावी आली तेव्हा अब्बांना भेटायला आली. लॅपटॉपवर तिने आपल्या विकराची रचना दाखवली, हिरव्या-निळ्या फितींच्या गुंत्यासारखी. स्फटिक शेवटी आले होते. तिने एका खाचेकडे बोट दाखवलं. म्हणाली, ‘दादा, अक्षर उलटून इथे आत येतं, इथेच नुक्ता लागतो आणि मग बाहेर जातं.’ अब्बांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. मग विचारलं की एकदा लागलेला नुक्ता पुसता येतो का. ती म्हणाली, या नुक्त्याचं पुसणारं कुणी अजून सापडलेलं नाही.

अब्बांनी कपाटातून आपली जुनी कलमपेटी काढायला लावली. तिच्यात कलमांसोबत एक छोटं पातं असायचं, चुकलेली शाई कागदावरून खरवडायचं. ते गंजलं होतं. त्यांनी ते तिला दिलं आणि शीरखुर्म्याची वाटी पुढे सरकवली.